चार खाडे की पाच

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या डाव्या अंगाला भिंतीत एक खिळा आहे. त्यावर कालनिर्णय आणि दोऱ्यानं बांधलेली, मागचं टोक चावलेली पेन्सिल. महिन्याच्या प्रत्येक चौकटीत आईच्या अक्षरात दुधाचा आकडा असतो. १॥, १॥, १॥, मग एखाद्या दिवशी फुली, म्हणजे खाडा. कोजागरीला ३. एकापुढे दोन दंड म्हणजे दीड, एकच दंड असला तर सव्वा, तीन असले तर पावणेदोन. मी पुण्यात नऊ वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं, पण ही दंडांची भाषा मला आई बोट ठेवून मोठ्यानं वाचायची तेव्हाच कळायची.

दूध घालतात ते गवळीमामा सांगलवाडीचे. सकाळी साडेसहाला कृष्णेवरून येतात. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन, एका झाकणावर अर्ध्या लिटरचं माप, खिशात दुमडलेली वही. त्या वहीत आमच्या घराचं एक पान. म्हणजे एकाच दुधाचे दोन हिशेब, एक भिंतीवर आणि एक खिशात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन्ही आमच्या उंबऱ्यावर भेटतात.

२०२३च्या ऑक्टोबरात मी नोकरी सोडून सांगलीला परत आले. बाबा गेल्यापासून आई एकटी होती, हे सांगायचं कारण. मला स्वतःचं काहीतरी करून बघायचं होतं, हे न सांगितलेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मामांच्या वहीत चार खाडे निघाले आणि आईच्या भिंतीवर पाच. फरक दीड लिटरचा, म्हणजे १०५ रुपयांचा. त्यावर पाऊण तास गेला. त्यात मामांच्या नातवाची बारावी आली, आईची गुडघेदुखी आली, पेंडीचा भाव आला. शेवटी मामा म्हणाले, "वैनी, तुमी म्हंता तर पाच." मागच्या महिन्यात म्हणे आईनं त्यांचे धरले होते.

लहानपणापासून हा संवाद माझ्या कानावरून गेला होता. या खेपेला मी तो ऐकला आणि मला उंबऱ्यात उभ्या उभ्याच एक ॲप दिसलं.

डोक्यात आणखी एक गोष्ट होती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलवाडी पाण्यात होती. मामांनी म्हशी सोडवून उंचावर नेल्या, माणसं नेली, वही तेवढी कोनाड्यात राहिली. आठवड्याभरानं घर उघडलं तेव्हा तिचा लगदा झाला होता. जुलैचा अख्खा महिना आणि ऑगस्टचे पहिले दिवस, चाळीसेक घरांचं येणं त्यात होतं. आईनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हिंजवडीत होते, आणि गोष्टीचं तात्पर्य मला लगेच कळलं होतं: कागद भिजतो.

तर कागद नको. दुधाचा रतीब, पेपर, इस्त्री, सगळ्याचा हिशेब फोनमध्ये.

पहिले तीन महिने फार सुखाचे गेले. वर साहेब नाही, सकाळची मीटिंग नाही, आणि जे लिहितेय ते शेजारच्या खोलीतल्या माणसाला लगेच दाखवता येतंय. दूध मी मिलिलिटरमध्ये साठवलं, म्हणजे अपूर्णांकाची भानगड नको. भाव महिन्याच्या मध्यात वाढतो, म्हणून भावाला तारीख लावली. ज्या कल्पनेचा मला सर्वांत अभिमान होता ती अशी: रोज कोण कशाला लिहील? रतीब ठरलेला असतो. तेव्हा ॲपनं दीड लिटर आपोआप धरावं आणि माणसानं फक्त खाडा किंवा जादा दूध सांगावं. आई रोज दीड-दीड लिहीत बसते, ते वाचवलं असं मला वाटलं. ही कल्पना लक्षात ठेवा.

आईला पहिल्यांदा फोन दिला तेव्हा तिनं दुधाच्या रकान्यात एक टाइप केला आणि दंड शोधायला लागली. आकड्यांच्या कीबोर्डवर दंड कुठून येणार? मी म्हटलं, एक पॉइंट पाच लिही. ती म्हणाली, "दीड लिहायला दीड का चालत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री रकाना काढून टाकला आणि बटणं केली: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. अख्ख्या ॲपमधली एखादी गोष्ट आजवर कुणी नावाजली असेल तर ती हीच.

नावाचं मात्र हसू झालं. 'रतीब – दूध, पेपर आणि खाड्यांचा हिशेब' हे मी ठरवलं होतं. प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे. माझ्या डोळ्यांना यात सोळा अक्षरं दिसत होती. यंत्र मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, मोकळ्या जागा असं सगळं सुटं सुटं मोजतं, आणि त्याच्या हिशेबानं ती ३६ भरली. एकट्या 'खाड्यांचा' या शब्दाला नऊ. शेवटी 'रतीब: दुधाचा हिशेब' एवढ्यावर भागवलं. वर्णनात 'ॲप' हा शब्द लिहिताना पुन्हा तेच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून माणसं अ लिहून त्यावर वेगळा चंद्र चढवत होती आणि अजून चढवतात. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला दोन निरनिराळे शब्द. ज्या वस्तूला अजून स्वतःचं नाव एका रीतीनं लिहिता येत नाही ती वस्तू मी मराठीत विकायला निघाले होते.

विकायला असं म्हणते खरं, पण विकलं नाही. डेव्हलपर खात्याची फी एकदाच भरायची, २५ डॉलर, त्या वेळचे दोन हजारांच्या वर रुपये. आयफोनसाठी वर्षाला ९९ डॉलर, ते मी मनातही आणलं नाही. आमच्या गल्लीत दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या एकाही बाईकडे आयफोन नव्हता. पण ॲपमधून पैसे घ्यायचे ठरवले की वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता स्टोअरवर जाहीर दिसतो. माझं ऑफिस म्हणजे आमचं माजघर. दोन बायकांच्या घराचा पत्ता जगाला दाखवून ४९ रुपये घ्यायचे, हे आईला विचारायचीसुद्धा गरज नव्हती. ॲप फुकट राहिलं. पोटासाठी पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी घरून धरलं होतं, ते चालूच होतं.

मग टेस्टर.

१३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना नियम असा लागू झाला होता, की ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी निदान वीस माणसांनी ते सलग चौदा दिवस टेस्टर म्हणून ठेवलेलं असलं पाहिजे. माझं खातं जानेवारी २०२४चं. (पुढे डिसेंबरात विसाचे बारा झाले. तोवर माझे वीस जमवून झाले होते, आणि ते कसे जमवले हे आता सांगते.)

पुण्याचे जुने सहकारी मिळून सात झाले. त्यांच्याकडे दूध पिशवीतून येतं. त्यांनी भिडेखातर घेतलं. चुलत-मावस भावंडं पाच. उरलेल्यांसाठी आईची भिशी. दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्याकडे किंवा कुणाकडे तरी चौदा जणी जमतात, चिवडा-लाडू होतो, चिठ्ठी निघते. फेब्रुवारीत भिशी आमच्याकडे होती. मी लॅपटॉप घेऊन बसले आणि प्रत्येकीला जीमेलचा पत्ता विचारायला लागले, कारण टेस्टरांच्या यादीत तो घालावा लागतो.

चौदांपैकी तिघींना आपला पत्ता माहीत होता. "असेल की, पोरानं घातलाय." कुणाच्या फोनमध्ये पुण्याच्या मुलाचं खातं, कुणाच्या फोनमध्ये जावयाचं. एका काकूंच्या फोनमध्ये फोन विकणाऱ्या दुकानातल्या पोरानं तिथल्या तिथे काढून दिलेला पत्ता होता. त्यात त्यांचं नाव नव्हतं, दुकानाचं होतं. मी एकेकीचा फोन हातात घेऊन सेटिंगमध्ये शिरले, पत्ता उतरवला, लिंक पाठवली, बोट धरून 'टेस्टर व्हा' दाबायला लावलं. चिवडा संपला तेव्हा माझे दहा टेस्टर झाले होते. नऊ वर्षं मी 'युजर' हा शब्द वापरत आले होते. त्याचा फोन असा हातात घ्यावा लागतो, त्याच्या पडद्याची फुटलेली काच अंगठ्याला लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकूण बावीस. दोन राखीव ठेवल्या ते बरं झालं, कारण चौथ्या दिवशी एक गळाली. फोनमधली जागा संपली होती. सुप्रभातच्या फोटोंनी फोन भरला होता आणि त्यांनी काय काढलं, तर माझं ॲप. मी त्यांच्या घरी गेले, गणपती आणि गुलाब मिळून नऊशे फोटो पुसले, त्यांच्या परवानगीनं. त्यातले निवडक चाळीस ठेवायला लावले.

सहाव्या दिवशी ॲप कोसळलं. एकाच फोनवर, पण उघडलं की कोसळायचं, पुन्हा उघडलं की पुन्हा. तो फोन ज्यांचा, त्या काकू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला फोन करून सांगितलं ते असं: "तुझं ॲप लाजाळूच्या झाडासारखं करतंय गं, हात लावला की मिटतं."

माझ्या फोनवर सगळं ठीक. आईच्या फोनवर ठीक. सहकाऱ्यांच्या, भावंडांच्या फोनवर ठीक. रात्री अकराला कोसळण्याची नोंद उघडून बसले. इंग्रजी ओळींची लांबलचक रांग, आणि मधेच अवतरणचिन्हांत देवनागरी: ७०.००. हा आकडा वाचता येत नाही, अशी यंत्राची तक्रार होती.

झालं होतं ते असं. दुधाचा भाव साठवताना मी तो दोन दशांश स्थळं लावून मजकूर म्हणून लिहीत होते आणि नंतर त्या मजकुराचा पुन्हा आकडा करत होते. गबाळं काम, ऑफिसात असं कुणी केलं असतं तर मीच परत पाठवलं असतं. अँड्रॉइड असा मजकूर फोनच्या भाषेप्रमाणे लिहून देतं. फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजी आकडे. हिंदीत असला तरी ठरलेली पद्धत इंग्रजी आकड्यांचीच. मराठीत मात्र ठरलेली पद्धत देवनागरी आकड्यांची आहे. तेव्हा काकूंच्या फोननं सत्तर रुपये इमानेइतबारे '७०.००' असे लिहिले आणि मी त्याचा आकडा करायला ज्या सूचनेला सांगितलं होतं, तिला फक्त इंग्रजी अंक येत होते.

बावीस माणसांत फोन मराठीत ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मी मराठी माणसांसाठी मराठी ॲप केलं होतं, आणि ज्या फोनची भाषा मराठी आहे नेमक्या त्याच फोनवर ते चालत नव्हतं. माझा स्वतःचा फोन पहिल्यापासून इंग्रजीत. आईचा मी लावून दिलेला, म्हणून इंग्रजीत. दुरुस्ती एका ओळीची होती, दहा मिनिटांत झाली. नंतर मी माझा फोन मराठीत केला. पहिले काही दिवस 'सेटिंग्ज' शोधायला वेळ लागायचा. आता तसाच आहे.

चौदा दिवस पुरे झाले, प्रश्नांची उत्तरं भरली: टेस्टरांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललंत. लाजाळूचं झाड तिथं लिहिलं नाही. परवानगी आली. खासगीपणाचं धोरण मराठीत लिहून ठेवलं, 'आम्ही तुमची कोणतीही माहिती गोळा करत नाही', आणि ते खरंच होतं, कारण माझ्याकडे सर्व्हरच नव्हता. सगळा हिशेब ज्याच्या त्याच्या फोनमध्ये.

आईनं मुहूर्त काढला. पाडवा, ९ एप्रिल २०२४. तपासणी आधीच करून घेऊन, खुलं करायचं बटण आपल्या हाती ठेवायची सोय असते, ती मी वापरली. गुढी उभारून झाल्यावर सकाळी साडेआठला आईनं ते बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणजे झालं, पण स्टोअरमध्ये दिसायला वेळ लागतो. श्रीखंड खाऊन होईपर्यंत दोघी दर पाच मिनिटांनी शोधत होतो. दुपारी दिसलं. पहिल्या दिवशी एकतीस डाउनलोड, त्यातले बहुतेक नाव माहीत असलेले. दुसऱ्या आठवड्यात पहिला पूर्ण अनोळखी माणूस आला. त्यानं दोन तारे दिले आणि लिहिलं, 'पाण्याच्या जारचा हिशेब नाही.' मी इतकी खूश झाले, की आईला वाटलं पाच तारे आले. जार मी त्याच रात्री घातला.

मे ते ऑगस्ट मी दुरुस्त्या करत राहिले. सकाळी सातला 'दूध आलं का?' अशी आठवण करायची सोय होती. अर्ध्या फोनांवर ती यायचीच नाही. नव्या अँड्रॉइडवर आधी परवानगी विचारावी लागते आणि माणसं सवयीनं 'नको' दाबतात. ज्यांनी 'हो' दाबलं, त्यांतल्या काही फोनांत बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपला झोपवून टाकायची. एका ठिकाणी ती आठवण दुपारी अडीचला आली. 'दूध नासलं का, असं विचार,' हा माझ्या मावसभावाचा अभिप्राय.

एक चूक मात्र अजून बोचते. जूनमध्ये इचलकरंजीच्या एका बाईंचा ईमेल आला. फोन पाण्यात पडला, नवा घेतला, बाकी सगळं परत आलं, फक्त रतीबचा हिशेब आला नाही. अँड्रॉइड ॲपची थोडी माहिती माणसाच्या स्वतःच्या गूगल खात्यात आपोआप जपून ठेवतं, २५ एमबीपर्यंत. माझ्या ॲपला काही केबीसुद्धा लागले नसते. पण खासगीपणाच्या उत्साहात मी ती सोयच बंद करून ठेवली होती. एक शब्द, 'खोटं' असा लिहिलेला. तो 'खरं' असायला हवा होता. त्यांचा दोन महिन्यांचा हिशेब गेला. मी माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, "काही नाही ताई, कॅलेंडरवर आहे." ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. त्यापलीकडे काही कळलं नाही.

कळलं ते ऑक्टोबरात. सप्टेंबरात आई आठ दिवस बेळगावला मावशीकडे गेली. मी एकटीच घरी, मला दीड लिटर काय करायचं? मामांना अर्धा लिटर सांगितला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हिशेबाला बसलो तर आईच्या फोनमधलं रतीब म्हणत होतं, महिनाभर दीड. बरोबरच होतं त्याचं. फोन बेळगावला गेला होता. खाडा किंवा बदल सांगायला कुणी नव्हतं, म्हणून माझ्या त्या अभिमानाच्या कल्पनेनं आठही दिवस दीड-दीड लिटर धरलं होतं. आठ लिटर जास्त, ५६० रुपये. मामांची वही वेगळं सांगत होती. आई उठली, भिंतीपाशी गेली. आठ चौकटींत अर्धा लिहिलेला, ॥, माझ्या अक्षरात.

मी लिहिलं होतं. ॲप माझं, फोन माझ्या खिशात, आणि रोज सकाळी पातेलं ओट्यावर ठेवून माझा हात त्या चावलेल्या पेन्सिलीकडे गेला होता. मला ते लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

डेव्हलपरच्या अंगात जे पहिलं येतं तेच माझ्या अंगात आलं: दोन फोन जोडायचे. सर्व्हर घ्यायचा, खातं काढायला लावायचं, घरातल्या सगळ्यांना एका हिशेबावर आणायचं. दोन-तीन आठवडे मी त्यामागे होते. पडद्यावर 'सदस्य जोडा' असं बटण तयार झालं. मामांनाही सदस्य करायचं, म्हणजे वाद मुळातच नको, अशी ती योजना. मी त्यांना उंबऱ्यावर बसवून समजावायला घेतली. त्यांनी चहा बशीत ओतत ऐकून घेतलं.

"म्हंजे आमची वही बंद?"

मी म्हटलं, वही भिजते ना मामा. २०१९ला नाही का गेली?

"वही गेली," मामा म्हणाले. "पैसे कुटं गेले?"

मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली, जी आईनं मला फोनवर सांगितली असणार आणि मी ऐकली नसणार. पाणी उतरल्यावर ते हात हलवत एकेका घरी गेले. वही नाही म्हणून सांगितलं. घरातली बाई आत जायची, भिंतीवरचं कॅलेंडर बघून यायची आणि आकडा सांगायची. ज्यांच्या खालच्या मजल्यात पाणी आलं होतं त्यांनी सामान वर नेताना कॅलेंडरही काढून नेलं होतं. चाळीस घरांपैकी दोन घरं बुडाली, आणि ती तशीही बुडवणारीच होती, हे मामांचं मत. "भितीवरच्या क्यालेंडरांनी वाचवलं बगा आमाला."

कागद भिजतो, हे मी त्या गोष्टीतून घेतलं होतं. ती तर दोन कागदांची गोष्ट होती. एक भिजला तर दुसरा दुसऱ्याच्या भिंतीवर होता, दुसऱ्याच्या अक्षरात. मी ते दोन मिळून एक करायला निघाले होते, आणि वर तो एकही एका माणसाच्या फोनमध्ये, जो तिच्याबरोबर बेळगावला जातो. भिंत बेळगावला जात नाही. पाहुणी आलेली मावशीसुद्धा येता-जाता त्या चौकटीत आकडा टाकू शकते, तिला कुणी सदस्य करावं लागत नाही. जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं १९७३ साली; माझ्याशी स्पर्धा करणारी वस्तू माझ्यापेक्षा वयानं मोठी होती आणि तिला चार्जिंग लागत नव्हतं. इचलकरंजीच्या बाईंनी हेच तर कळवलं होतं जूनमध्ये.

'सदस्य जोडा' मी पुसून टाकलं. दिवाळीनंतर जी आवृत्ती काढली, तीत रोजची नोंद मागच्या पानावर ढकलली. ॲप उघडलं की एकच प्रश्न: या महिन्यात खाडे किती? खाली जादा दूध, त्याखाली सूट. भिंतीकडे बघून खाडे मोजायचे, बटण दाबायचं, रक्कम येते आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येते. गुणाकार माझा, स्मरण भिंतीचं. रोज ॲप उघडणारी माणसं जवळपास संपली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा उघडणारी टिकली, आणि हळूहळू वाढतायत. ॲपच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांना हा आलेख दाखवला तर ते हळहळतील. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं तसं केलंही.

५ जानेवारी २०२५, रविवार. नवं कालनिर्णय खिळ्यावर चढलं होतं, जुनं रद्दीच्या गठ्ठ्यावर. मामांनी वही उघडली. डिसेंबर, चार खाडे. आई म्हणाली, पाच. मी मुकाट्यानं जुनं कालनिर्णय काढून आणलं. आईनं २१ तारखेवर बोट ठेवलं. फुली. "त्या दिवशी तुम्ही आलाच नव्हता मामा."

मामांनी चष्मा वर केला. बाविसाच्या चौकटीत १॥ होतं आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी. आईनं वाचलं, "चीक."

"आरं व्हय की," मामा म्हणाले. "म्हैस व्याली न्हवं का एकविसाला." दुसऱ्या दिवशी खरवसासाठी तांब्याभर चीक आणून दिला होता त्यांनी, त्याचे पैसे कुणी मागितले नव्हते. म्हैस कशी अडली होती, डॉक्टर किती वाजता आला, रेडा की रेडी, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी वहीत चाराचे पाच केले. मी फोनवर पाच दाबलं. एकोणचाळीस लिटर, २७३० रुपये.

"सत्तावीसशे द्या," मामा म्हणाले. त्यांनी फोनकडे बघितलं नव्हतं.